सतरावी टेस्ट

योगेंद्रभाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आधी टेस्ट लिहायची, मग कोड," आणि मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही. कॉलेजची चार वर्षं मी मान डोलावूनच काढली आणि पहिल्या वर्गात पास झाले.

खरं सांगायचं तर माझ्या टाळक्यात काहीही शिरलं नव्हतं. टेस्ट म्हणजे काय ते ठाऊक होतं. आपल्या प्रोग्रामला प्रश्न विचारणारा एक छोटा प्रोग्राम. तुला हे दिलं तर तू काय देशील? उत्तर जुळलं तर पडद्यावर हिरवी ओळ, नाही जुळलं तर लाल. इथपर्यंत ठीक. पण योगेंद्रभाईंचं म्हणणं असं, की कोड नसतानाच टेस्ट लिहायची, चालवायची, ती लाल झालेली डोळ्यांनी बघायची आणि मगच ती हिरवी होण्यापुरता कोड लिहायचा. आता जे बनलेलंच नाही ते लाल होणारच की! त्यात बघायचं काय? पोरगं शाळेत जायच्या आधी त्याला नापास करून ठेवण्यासारखं ते मला वाटायचं.

एकदा धीर करून विचारलं. योगेंद्रभाई मूळचे शिरपूरकडचे, पुण्यात आठ वर्षं काढून सुरतेला आलेले. बोलणं थोडकं. ते म्हणाले, "धनश्रीबेन, जी टेस्ट लाल झालेली बघितली नाही, तिच्या हिरव्यावर विश्वास ठेवायचा नाही."

मी पुन्हा मान डोलावली.

आमचं ऑफिस भेस्तानच्या बाजूला, एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली लेसचा होलसेलवाला, वर आम्ही सहा जण. मिलवाले, लूमवाले, मार्केटातले दलाल यांना वेबसाइट आणि वेब अ‍ॅप करून देणं हा धंदा. त्यातलं जे काम माझ्या गळ्यात पडलं, ते आमच्याच घरातून आलेलं. माझे वडील, आप्पा, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या कलर रूममध्ये बावीस वर्षं रंग तोलतात. भिकन कलरवाला म्हटलं की मिलमध्ये कोणीही बोट दाखवेल. शेठला सगळं मोबाइलवर दिसायला हवं होतं आणि आप्पांनी त्यांना सांगून टाकलं, की माझी पोरगी हेच करते. घरी आल्यावर मायला सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती, की मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

काम समजायला सोपं होतं, म्हणून मला ते माहीत आहे असं वाटलं. व्यापारी आपल्याला हव्या त्या रंगाच्या कापडाचा बोटभर तुकडा देतो. त्याला कटिंग म्हणतात. अर्धं कटिंग लॉटच्या कार्डाला पिनने लावलेलं असतं, अर्धं व्यापाऱ्याच्या गादीवर. लॅबवाले त्या कटिंगशी जुळणारा रंग शोधतात आणि रेसिपी देतात. कापडाच्या वजनाच्या इतके टक्के पिवळा, इतके टक्के लाल, इतके टक्के निळा. पूर्वी भूपेंद्र मास्तर कॅल्क्युलेटरवर हिशोब मांडून चिठ्ठी लिहायचे आणि आप्पा चिठ्ठीप्रमाणे रंग तोलून द्यायचे. आता ती चिठ्ठी आमच्या अ‍ॅपमधून छापून निघणार होती. रेसिपी टाका, कापडाचं वजन टाका, स्लिप घ्या.

मी काय केलं ते सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. मी आधी कोड लिहिला. चार दिवस मान मोडून लिहिला. मास्तरांनी मध्येच सांगितलं, की जुन्या रेसिप्यांमध्ये रिकामे रकाने आहेत, स्लिपवर उगाच शून्याच्या ओळी येतात, त्या काढा. काढल्या. शुक्रवारी योगेंद्रभाई येऊन म्हणाले, "टेस्ट दाखव." मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत दाखवते.

मग बसले. एकतीस टेस्ट लिहिल्या. प्रत्येकीत अपेक्षित उत्तराच्या जागी सरळ शून्य टाकलं, कारण उत्तर काय यायला हवं ते शोधत बसायला वेळ कुणाला होता? चालवल्या की लाल. लाल ओळीतच लिहून यायचं, तुम्ही शून्य म्हणालात, आलं चार पूर्णांक ऐंशी. मी ते चार पूर्णांक ऐंशी उचलायचं, शून्याच्या जागी ठेवायचं. हिरवी. पुढची. लाल, उचल, ठेव, हिरवी. चहा येईपर्यंत बारा झाल्या. सतरावी तेवढी वेगळी निघाली. तिच्यात शून्य टाकलं आणि ती लाल झालीच नाही, थेट हिरवी. मला बरं वाटलं. एक उत्तर उतरवायचं वाचलं.

योगेंद्रभाईंनी पडद्यावर एकतीस हिरव्या ओळी बघितल्या. "प्रत्येक लाल बघितलीस?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. एकतीसपैकी तीस वेळा ते खरं होतं.

त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी नाक वर करून खाली लेसवाल्याच्या दुकानापर्यंत गेले आणि मायसाठी दोन मीटर लेस घेऊन आले. लाल बघण्यात एवढं काय होतं, ते मात्र मला त्या दिवशीही समजलं नाही.

दीड महिना सगळं छान चाललं. आप्पा रोज घरी आले की सांगायचे, आज तुझ्या किती स्लिपा निघाल्या. मग एका गुरुवारी ते भरदुपारी गोडादऱ्याच्या घरी आले. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. माय दारात बसून साडीवर टिकल्या चिकटवत होती. तिच्या हातातली टिकली हातातच राहिली, कारण हा माणूस तापाने फणफणला तरी सुट्टी घेत नाही.

"काय व्हयनं?" मायने आमच्या घरच्या अहिराणीत विचारलं.

"सुट्टी शे," आप्पा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

जेवताना थोडं थोडं बाहेर आलं. बिस्किट रंगाचा एक लॉट मार्केटातून परत आला होता. तीनशे साठ किलो कापड. मिलच्या ट्यूबलाइटखाली ते कुणाच्या लक्षात आलं नाही, पण व्यापाऱ्याने थान उन्हात उलगडलं, आपल्याकडच्या कटिंगशी धरलं, तर बिस्किटाला केशरी झाक. भूपेंद्र मास्तरांनी मोबाइलवर रेसिपी उघडली. रेसिपीत तीन रंग. पिवळा, लाल आणि चिमूटभर निळा. कापडात निळ्याचा पत्ता नाही. म्हणजे निळा टाकायचा राहिला. आणि रंग तोलतो कोण? भिकन. शेठने सांगितलं होतं, सोमवारपर्यंत घरी बस, सोमवारी ठरवू ठेवायचं का नाही.

"तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"मना हाततून राहिना म्हनून सांगं." ते माझ्याकडे न बघता भाकरी मोडत होते.

मला ते पटलं नाही. अजिबात नाही. मिठाची पुडी हातात दिली तर तिचं वजन सांगणारा हा माणूस. लहानपणी मी तापाचं औषध चमच्यात ओतायचे, तर लांबून बघून म्हणायचे, दोन थेंब जास्त झाले. त्यांच्या हातून एक आख्खा रंग राहील? पण ते स्वतःच म्हणत होते, राहिला. मग मी कोण नाही म्हणणारी?

"स्लिप कुठे आहे?"

"फेकी दिधी."

आता हेही नवीनच. आप्पा बसचं तिकीटसुद्धा आठवडाभर जपून ठेवतात. आमच्याकडे प्रत्येकाच्या मोबाइलच्या कव्हरमागे दोन-चार कागद कोंबलेले असतात, त्यांच्या कव्हरमागे तर निम्मी तिजोरी असते.

शुक्रवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी अ‍ॅप उघडलं. रेसिपी बरोबर. तीन रंग, टक्के जिथल्या तिथे. टेस्ट चालवल्या. एकतीस हिरव्या. योगेंद्रभाईंना सगळं सांगितलं. तेही वाकून बघून गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटतं, पण चूक मिलच्या बाजूची दिसते. आपलं सगळं हिरवं आहे."

आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं. पाणी प्यायला उठले, ग्लास तोंडाला लावला आणि मग ध्यानात आलं, की मला हायसं वाटतंय ते आप्पांची चूक ठरली म्हणून. मला माझाच राग आला. पण राग येऊन काय करायचं ते कळेना. अ‍ॅप बरोबर असेल तर आप्पा चूक. आप्पा बरोबर असतील तर अ‍ॅप चूक. पडदा म्हणतो अ‍ॅप बरोबर. योगेंद्रभाई म्हणतात अ‍ॅप बरोबर. आप्पासुद्धा म्हणतात अ‍ॅप बरोबर. सगळ्या जगाचं एकमत असताना मला एकटीलाच ते का पटत नाही? त्या लॉटची स्लिप नुसती उघडून बघावी, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. एकतीस ओळी हिरव्या असताना कोण उघडून बघतं?

रविवारी दुपारी घरात तिघेच होतो. आप्पांना तीन दिवसांत काय करावं सुचत नव्हतं. त्यांनी पंख्याची पाती पुसली, नळाचा वॉशर बदलला, मायला टिकल्या चिकटवू लागले तर तिने हाकललं. शेवटी माझ्या लॅपटॉपच्या मागे येऊन बसले. मी पुन्हा पुन्हा त्याच टेस्ट चालवत होते, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं.

"हाई हिरवं काय शे?"

मी वैतागलेलीच होते. "मी बनवलेलं बरोबर आहे का ते हा तपासतो. हिरवं म्हणजे जुळलं. एकतीसच्या एकतीस जुळलंय. कुठेच काही चुकलेलं नाही, बघा!"

"जुळनं?" आप्पांनी विचारलं. "कशाशी?"

"कशाशी म्हणजे? उत्तराशी."

"ते उत्तर कोनी दिधं?"

उत्तर कोणी दिलं? मी दिलं. मी कुठून आणलं? लाल ओळीतून उचललं. लाल ओळीत कुठून आलं? माझ्या कोडमधून.

"कोडनेच दिलं," मी म्हटलं. "म्हणजे मी त्यातूनच उतरवून घेतलं."

आप्पांनी त्या हिरव्या ओळींकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "आमना मिलमा मारुती व्हता, चेकिंगले. त्यानाकडतून एक दिन कार्डवरनं कटिंग पडी गयं. घाबरी गया तो. मंग त्यानी काय करं? रंगाडेल लॉटनाच तुकडा काप्या आनि कार्डले लायी दिधा. मास्तरनी लाइटखाले धरं. जुळनं. इतलं जुळनं का मास्तरले घाम उना."

"घाम का?"

"इतलं कधी जुळत नही ना. थोडं तरी इकडं तिकडं व्हसच. त्याच लॉटना तुकडा त्याच लॉटशी लावा, मंग काय व्हई? तो जुळनारच. मारुतीनी वर कॉलर ताठ करी."

त्यांनी हे मला टोमणा मारायला सांगितलं नव्हतं. त्यांना मिलची आठवण आली होती, एवढंच. पण माझी कॉलर दीड महिना ताठ होती. ती मेली सतरावी टेस्ट मला त्याच क्षणी आठवली. शून्य टाकल्या टाकल्या हिरवी झालेली. कधीच लाल न झालेली. मी ती उघडली. बिस्किट शेड, निळा, तीनशे साठ किलो. डेमोसाठी मास्तरांनी दिलेल्या रेसिप्यांतली एक मी तशीच उचलली होती. अपेक्षित उत्तर, शून्य.

"आप्पा, तीनशे साठ किलो बिस्किटला निळा किती लागतो?"

"माले नही म्हाईत," ते पटकन म्हणाले.

बावीस वर्षं रंग तोलणारा माणूस. मी त्यांच्याकडे बघितलं, ते पंख्याकडे बघत होते.

मी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला आणि जे दीड महिन्यापूर्वी करायला हवं होतं ते केलं. रेसिपीतला टक्का घेतला, वजनाने गुणला. चार ग्रॅमच्या किंचित वर. चार पूर्णांक बत्तीस. शून्य नव्हे. पण माझा प्रोग्राम सगळं किलोत मोजायचा आणि दशांशाच्या दोन घरांनंतरचं सोडून द्यायचा. चार ग्रॅम म्हणजे किलोच्या हिशोबात काहीच नाही, शून्य पूर्णांक शून्य शून्य. आणि शून्याच्या ओळी स्लिपवर छापायच्या नाहीत, हे मास्तरांच्या सांगण्यावरून मीच लिहिलेलं. गडद रंगांत निळा किलोने जातो, तिथे काही बिघडत नव्हतं. अ‍ॅप सुरू झाल्यापासून असा फिका लॉट पहिल्यांदाच आला होता.

मी सतराव्या टेस्टमधलं शून्य खोडलं, तिथे चार पूर्णांक बत्तीस ग्रॅम लिहिलं आणि चालवली. लाल.

मी ती ओळ दोनदा वाचली. आणि त्याच वेळी, कसं सांगू, डोक्यातलं काहीतरी जागेवर बसलं. हे लाल वेगळं होतं. आधीच्या तीस लालांना मीच शून्य टाकून रडवलं होतं. हे लाल खरं बोलत होतं.

मग त्या लॉटची स्लिप उघडली. दोनच ओळी. पिवळा, शून्य पूर्णांक अठरा. लाल, शून्य पूर्णांक शून्य सात. निळा नाहीच.

"आप्पा, तुमच्या स्लिपवर निळा नव्हताच ना?"

ते उठून मोरीकडे जाऊ लागले. मी त्यांचा मोबाइल उचलला आणि कव्हर काढलं. एक लाइटबिल, एक देवाचा फोटो, आणि चार घड्या घातलेली स्लिप. दोन ओळींची.

"फेकी दिधी ना?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. दारातून माय आत आली.

आप्पा परत येऊन खाली बसले.

"तुम्हाला दिसलं नाही? बिस्किटला निळा लागतो हे तुम्हाला माहीत नाही?"

"दिसनं ना," ते म्हणाले. "मी डबाना झाकन बी उघाडं व्हतं. चमचा हातमा व्हता. इच्यार कया, स्लिपमा नही, काब्र नही? मंग म्हनं, पोरनी बनाडेल शे. ती इतली शिकेल शे. तिनी काही तरी हिशोब करा व्हई. झाकन लायी दिधं."

मी रडले नाही. मला राग आला, इतका की लॅपटॉप भिंतीवर मारावासा वाटला. हा माणूस मास्तरांशी भांडतो. लॅबवाल्याची रेसिपी दोनदा परत पाठवतो. शेठच्या तोंडावर म्हणतो की हा माल हलका आहे. आणि चमचा हातात असताना त्याने विश्वास कुणावर ठेवला? माझ्यावर. मान डोलावणारीवर.

"मग मिलमध्ये खोटं का बोललात?"

"खरं सांगं तर तुनी नोकरी जाई. मनं काय, बावीस वरीस व्हयनात. दुसरी मिल शोधसू." मग त्यांनी आवाज कडक केला. "कोनलेच काही सांगू नको. समजनं का?"

मी मान डोलावली नाही.

योगेंद्रभाईंना लगेच फोन लावला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे सतरावी लाल झालीच नव्हती?"

"नाही."

"आणि तुला तेव्हा काही वाटलं नाही?"

"बरं वाटलं," मी म्हटलं. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? "बाकीच्या तीसही मी कोडमधूनच उतरवल्यात."

"माझीही चूक आहे," ते म्हणाले. "मी फक्त हिरवं बघून तुझं कौतुक केलं. उद्या दहा वाजता मिलमध्ये येतो. काही दुरुस्त करू नकोस. लाल तसंच ठेव."

सोमवारी शेठच्या केबिनमध्ये मी, योगेंद्रभाई आणि भूपेंद्र मास्तर होतो. आप्पा बाहेर बाकावर. ते माझ्याशी सकाळपासून बोलले नव्हते. मी लॅपटॉप शेठसमोर ठेवला, स्लिप बाजूला ठेवली आणि टेस्ट चालवली. तीस हिरव्या, एक लाल.

शेठ चष्मा वर करून म्हणाले, "आ लाल एटले शुं?"

मी रात्रभर इंग्रजी शब्द जुळवून ठेवले होते. दशांश, राउंडिंग, युनिट. ते सगळे पळाले. "लाल म्हणजे मी चूक," मी म्हटलं. "आप्पांनी स्लिपप्रमाणेच तोललं. स्लिप मी बनवली. निळा माझ्याकडून राहिला."

मास्तरांनी स्लिप उचलून उजेडात धरली, दोन ओळी दोनदा वाचल्या आणि ती शेठसमोर ठेवली. अ‍ॅप सुरू झालं त्या दिवशी त्यांनीच कलर रूममध्ये बजावलं होतं, "स्लिपमां होय ए ज नाखवानुं," स्लिपवर असेल तेवढंच टाकायचं. आप्पांनी एवढं वाक्य शेठच्या कानावर घातलं असतं, तर ते गुरुवारीच सुटले असते. त्यांनी घातलं नव्हतं.

शेठने आप्पांना आत बोलावलं. "भिकन, बावीस वर्ष थयां. बिस्किटमां निळो नथी, ए तने ना देखायुं?"

आप्पा दाराशीच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, मग खाली.

"देखायुं, शेठ," ते म्हणाले. "पोरीचं होतं."

योगेंद्रभाई उगाच लॅपटॉपची वायर सरळ करू लागले. शेठने टेबलावरची स्लिप आप्पांकडे सरकवली आणि मास्तरांना गुजरातीत सांगितलं, की उद्यापासून कोणतीही स्लिप मशीनवर जाण्याआधी भिकन बघेल, आणि तो नाही म्हणाला तर रंग निघणार नाही. मग आप्पांना म्हणाले, "जा, काम पर लाग." आप्पा तिथूनच कलर रूममध्ये गेले. घरी डबा न्यायलाही आले नाहीत, मीच नेऊन दिला.

माझा उमेदवारीचा काळ तीन महिन्यांनी वाढला. लॉट परत रंगवावा लागला, त्याबद्दल आमच्या ऑफिसात दोन बैठका झाल्या, आणि दोन्हींत मी भिंतीला चिकटून उभी होते. ते सगळं मला बरोबरच वाटलं. वाईट याचं वाटत होतं, की आप्पा बोलत नव्हते. मी त्यांचा शब्द मोडला होता. मायकरवी निरोप यायचे, "तिले सांग, पंखा बंद कर."

गुरुवारी संध्याकाळी ते आले, हातपाय धुतले आणि माझ्या लॅपटॉपवर एक कागद ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरचा गेल्या महिन्याचा कागद, मागची कोरी बाजू. त्यावर निळ्या शाईत अकरा फिक्या शेडची नावं. बदामी, मोतिया, बिस्किट, चंदन, अशी. प्रत्येकीसमोर शंभर किलो कापडाला कोणता रंग किती ग्रॅम. सगळं डोक्यातून उतरवलेलं, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात.

"हाई आधी घाल," ते म्हणाले. "मंग तुनं काय ते कर."

चार दिवसांतलं पहिलं वाक्य. मी कागदाकडे बघत राहिले. सहा महिने जे मला चार वेळा समजावून सांगूनही कळलं नव्हतं, ते या माणसाने कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणलं होतं. कोड काय म्हणतो ते न विचारता, काय यायला हवं ते.

मी आधीच केलेली दुरुस्ती बाजूला काढून ठेवली आणि अकरा टेस्ट लिहिल्या, कागदावरचे आकडे जसेच्या तसे. आप्पा मागे उभे होते. चालवल्या. अकराच्या अकरा लाल.

"सगळंच लाल?" ते दचकले. "मनं चुकनं का?"

"नाही. लाल म्हणजे माझं चुकलंय. तुमचं बरोबर आहे."

त्यांनी त्या अकरा ओळी वरपासून खालपर्यंत एकेक करून बघितल्या. तो डबा उघडून चमचा हातात घेऊन त्यांनी परत का ठेवला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी विचारलं तर ते पंख्याकडे बघतात.

"मंग कर हिरवं," ते म्हणाले आणि जमिनीवर माझ्याशेजारी मांडी घालून बसले. कागद त्यांनी स्वतःच्या हातात धरला होता, त्यांच्या नखांत अजून निळा होता. "एकेक कर. मी देखस."